भाऊजींनी रंगवलेली होडी

माझे धाकटे दीर होड्या दुरुस्त करतात. त्यांच्या हाताला नाव आहे आणि ते नाव ते जिवापाड जपतात.

गेल्या वर्षी त्यांनीच रंगवलेली एक शिडाची होडी परवा परत आली. मालक निवृत्त पोस्टमास्तर. म्हणाले, "वारा असूनही रेंगाळते. पाण्याची खोली सांगणारं यंत्र तर तोंडाला येईल ते सांगतं. म्हातारी झाली, विकून टाकतो."

भाऊजींनी शीड पाहिलं, डोलकाठीच्या तारा तपासल्या. सगळं ठीक. मग होडी वर ओढली. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून मलाही दिसलं. पोटाला चार ठिकाणी शिंपल्यांचे गठ्ठे लटकलेले. रंगवताना होडी ज्या टेकूंवर उभी होती, नेमका तिथेच शिंपल्यांना चिकटू न देणारा रंग लागला नव्हता. आणि तळाशी असलेला यंत्राचा डोळा, ज्याला तो रंग फासायचा नसतो, त्यावर त्याच रंगाचा जाडजूड थर.

"वहिनी, ही माझीच करणी," ते हळूच म्हणाले.

"मग मला काय सांगता? होडी मी विकतेय का?"

ते तडक गेले. पोस्टमास्तरांना हाताला धरून आणलं, खाली वाकवलं आणि म्हणाले, "होडी धडधाकट आहे. चूक माझी."

पोस्टमास्तरांनी एका गठ्ठ्यावरून बोट फिरवलं. "माझ्या हातूनही पत्रं भलत्या गावी गेलीत," ते म्हणाले. "पण मी कधी कुणाला जाऊन सांगितलं नाही. विकत नाही आता. मात्र या खेपेला रंगवताना मी समोर बसणार."

भाऊजींनी स्वतःच त्यांना खुर्ची आणून दिली.