बिनआवाजाची वीज

थंडोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभं आयुष्य त्यानं बर्फाच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या खोलीत काढलं म्हणून ते पडलं, असं काही जण म्हणत. घराला आग लागली तरी हा माणूस आधी चपला सरळ करील आणि मगच उठेल, म्हणून ते पडलं, असं बाकीचे म्हणत. दोन्ही खरं होतं.

कॉम्प्रेसरच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे बसून थंडोबा मोकळ्या पाण्याची स्वप्नं बघायचा, आणि निवृत्त झाल्यावर त्यानं कुणाला फारसं न विचारता एक जुनी शिडाची बोट घेतली. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यात झोपायला जागा आहे ना?" जागा होती. मग वर्षातले बरेच महिने दोघं बोटीवरच राहायला लागली. एका लहानशा गावासमोरच्या खाडीत नांगर टाकलेला असायचा. भरती-ओहोटीबरोबर बोट नांगराभोवती हळूहळू फिरायची, त्यामुळे सकाळी चहा पिताना खिडकीत गावाची कौलं दिसत आणि दुपारी त्याच खिडकीत नुसता समुद्र. थंडोबाला ते फार आवडायचं. माणूस जागचा हलत नाही आणि जग मात्र आपलं आपण फिरतंय, यापरतं सुख काय, असं त्याला वाटे.

बायको बसस्थानकावर उद्घोषक होती. कुठल्या गाडीला किती उशीर आहे हे ती अशा मायेनं सांगायची, की लोक उशिरा येणाऱ्या गाडीलाही माफ करून टाकायचे. थंडोबानं तिला पाहिलं ते नंतर. आधी बरेच दिवस कर्ण्यातून नुसतं ऐकलंच होतं. घरी मात्र ती बेताचंच बोलायची.

बोटीच्या पोटात, बसायच्या बाकाखाली, जुन्या शिशाच्या बॅटऱ्या होत्या. दिवे, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं त्यांच्या जिवावर. त्या भरायला रोज संध्याकाळी इंजिन चालवावं लागे. सूर्य टेकायला आला की थंडोबा खाली उतरायचा, इंजिन सुरू करायचा, आणि वासराच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या झाकणावर हात ठेवून बसायचा. आवाज एवढा, की चहा हवा असला तरी खुणा कराव्या लागत. बायको त्या वेळी विणकाम घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीजवळ जाऊन बसे. आवाजाचा त्रास होतो म्हणून जात असेल, असं थंडोबा धरून चालला होता.

मग बॅटऱ्यांनी मान टाकायला सुरुवात केली. दिवे पिवळे पडले, पंप खोकल्यासारखा आवाज करून थांबायला लागला, आणि एका सकाळी फ्रिजमधलं दूध नासलं. थंडोबानं बॅटरीचं पाणी घालून पाहिलं, टोकं घासून पाहिली, इंजिन दुप्पट वेळ चालवलं. शेवटी बायको म्हणाली, "माझ्या भावाला बोलवा."

मेव्हण्याचं गावात इन्व्हर्टर आणि सोलर बसवायचं दुकान होतं. तो आला, बाक उचलून आत वाकला, मीटर लावलं आणि मान हलवत राहिला.

"काय?" थंडोबानं विचारलं.

"भावोजी, यांना बॅटऱ्या म्हणणं म्हणजे आपलं तुमचं मन राखणं झालं."

"म्हणजे बदलाव्या लागतील?"

"बॅटऱ्याच नाही, सगळंच. ही वायरिंग बघून मला रात्री झोप येणार नाही."

तेव्हापासून बोटीचं पोट उघडं पडलं. गाद्या वर डेकवर गेल्या, फळ्या निघाल्या, आणि दोघं मेव्हणे-भावोजी पालथे पडून वायरी ओढायला लागले. खाऱ्या हवेनं तांबं आतून हिरवं झालं होतं. वायर वाकवली की पूड सांडे. आधीच्या मालकानं मनाला येईल तसे जोड मारले होते. एक वायर तर कपाटातून निघून, सगळ्या बोटीला वळसा घालून, परत त्याच कपाटात येऊन संपत होती. मेव्हण्यानं ती हातात धरली आणि म्हणाला, "याला नुसतं फिरायचंच होतं बहुतेक."

"असू दे," थंडोबा म्हणाला. "आपणही तेच करतोय."

नव्या बॅटऱ्या लिथियमच्या होत्या. जुनी एक उचलायला दोघं लागायचे. नवी मेव्हण्यानं एकट्यानं, टिफिन उचलावा तशी आत आणली. थंडोबाला ते जरा खोटंच वाटलं. एवढ्या हलक्या वस्तूत रात्रभराचा उजेड मावतो कसा? पण बोट लाटेवर आडवी झाली तरी हलू नये म्हणून त्या पट्ट्यांनी करकचून बांधायचं काम त्यानं आनंदानं केलं. मागच्या बाजूला स्टीलच्या पाइपांचा सांगाडा उभा राहिला आणि त्यावर सोलरची दोन पॅनेलं चढली. जाड केबलच्या टोकांना तांब्याची थिंबलं, म्हणजे बोल्टात अडकवायच्या टोप्या, दाबून बसवायचं काम थंडोबाकडे आलं. प्रत्येक थिंबल तो ओढून बघे, पुन्हा ओढून बघे, मगच पुढचं घेई. बॅटरीला लागूनच मोठा फ्यूज बसला.

"आणि हा डबा कशाला?" इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणाऱ्या एका निळ्या चार्जरकडे बोट दाखवून त्यानं विचारलं.

"या नव्या मंडळींची भूक मोठी," मेव्हणा म्हणाला. "इंजिनचा डायनामो थेट जोडला तर तो बिचारा देता देता जळून जायचा. म्हणून मध्ये हा. हा मोजून वाढतो. पण खरं सांगू? ऊन असलं तर इंजिनची गरजच पडणार नाही. संध्याकाळचं ते धडधडणं संपलं तुमचं."

थंडोबानं मान डोलावली. बायको पायऱ्यांवर उभी राहून ऐकत होती. ती ओट्याकडे वळली.

काम चालू असताना इंजिन चालवता येत नव्हतं. त्या दिवसांत, सूर्य उतरला की बायको म्हणायची, "मी जरा पाव घेऊन येते," आणि छोटं होडकं घेऊन वल्हवत काठावर जायची. खडकांच्या पलीकडे तिचा निळसर स्कार्फ दिसेनासा होई. अंधार पडता पडता ती परते, चेहरा निवांत. एकदा तर पाव आणायचाच विसरली. भाऊ हसला, "ताई, बेकरीवाला खडकांत राहायला गेला का गं?" तीही हसली, पण कान लाल झालेले थंडोबाला दिसले. कामाच्या नादात त्यानं ते तिथेच सोडलं.

शेवटची जोडणी झाली तो दिवस ढगाळ होता. पाणी आणि आकाश एकाच रंगाचं. बोट नक्की कशावर तरंगतेय ते कळू नये असं. सगळे दिवे लावून पाहिले. केबिन अशी उजळली, की इतकी वर्षं आपण एका वेगळ्याच, तपकिरी खोलीत राहत होतो असं थंडोबाला वाटलं. लाकूड मुळात मधाच्या रंगाचं होतं.

"आता तो डबा बघू," मेव्हणा म्हणाला. "इंजिन चालू करा."

थंडोबानं इंजिन सुरू केलं. ओळखीची धडधड बोटीभर पसरली. मेव्हणा मीटरवर डोळे लावून बसला, आकडे चढताना बघून त्यानं अंगठा दाखवला. बायको विणकाम उचलून पुढच्या टोकाला गेली. बराच वेळ सगळं ठीक चाललं. मग मेव्हण्यानं, झालं आपलं काम, अशी हाताची खूण केली आणि इंजिन बंद केलं.

धडधड एकदम थांबली, आणि त्या शांततेत एक आवाज तसाच चालू राहिला.

"निळा टॉवेल गेला गं, जाऊ दे गेला… वाऱ्याचंही अंग कधी ओलं असेल…"

मोकळा, लांबवर जाणारा सूर होता. पाण्यावरून तो सरकत गेला, पलीकडच्या बोटीला टेकला, आणि मध्येच तुटला. सकाळी दोरीवरून उडालेला टॉवेल थंडोबाला आठवला. त्यानंच चिमटा लावला नव्हता.

मेव्हणा हळूच म्हणाला, "रेडिओ लागला का काय?"

"गप्प," थंडोबा म्हणाला.

पुढून पावलं आली. बायको पायऱ्या उतरली, कुणाकडे न बघता आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मेव्हण्यानं हत्यारं गोळा केली. जाताना आपल्या होडक्यात उतरून तो म्हणाला, "आमच्या घरात ही कधी गायल्याचं मला आठवत नाही." थंडोबालाही आठवत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा दिवे चालूच होते. थंडोबानं चहा केला होता.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"बोट घेतली तेव्हापासून."

"मला बोलली नाहीस कधी."

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? दिवसभरात जे झालं ते म्हणते. दूध नासलं, टॉवेल उडाला. कधी नुसतंच." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "अहो, जन्मभर मी सगळ्यांना स्वच्छ ऐकू जाईल असंच बोलले. एक शब्द पुसट गेला तर वरून फोन यायचा. मग वाटायचं, कुणालाच ऐकू जाणार नाही असं काहीतरी तोंडातून निघावं. इंजिन सुरू झालं की मला बरं वाटायचं."

"पण आवाज छान आहे तुझा."

"बघा, हेच ते. आता तुम्ही छान म्हणालात. छान आहे की नाही हा प्रश्नच निघू नये, असं काहीतरी मला हवं होतं."

थंडोबानं किटली उचलली. त्यानं तिच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

पुढचे दिवस लख्ख उन्हाचे आले. दुपार व्हायच्या आतच बॅटऱ्या भरून जात. संध्याकाळी खाडीत इतकी शांतता, की मासा उसळला तरी ऐकू येई, काठावर कुणी दार लोटलं तरी कळे. ज्या शांततेसाठी लोक दूरदूर जातात ती थंडोबाच्या दारात बसली होती, आणि त्याचं मन काही लागत नव्हतं. हात ठेवायला झाकण उरलं नव्हतं. बायको पुढच्या टोकाला जाऊन बसे, पण सुया थांबलेल्या. स्वेटरची बाही तिनं विणली, उसवली, परत विणली.

"इंजिन चालवू का थोडं?" एकदा त्यानं विचारलं. "तसंही अधूनमधून चालवावंच लागतं. नाहीतर गंजतं."

"डिझेल जाळून गाऊ का मी?" ती म्हणाली. "काहीतरीच."

थंडोबा उठून मीटर बघायला गेला. पण विचार करायचं काम तो सावकाश करी, आणि सोडत नसे. दुसऱ्या दिवशी सूर्य टेकायला आला तशी त्यानं टोपी घातली आणि होडकं पाण्यात सोडलं.

"कुठे निघालात?"

"असाच. तिकडे."

"तिकडे काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर."

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग दोर सोडून दिला.

तो वल्हवत खाडीच्या तोंडापर्यंत गेला, बोट करंगळीएवढी दिसेपर्यंत. तिथे त्यानं वल्ही आत घेतली आणि होडक्यात आडवा झाला. आधी त्याला अवघडल्यासारखं झालं. बघायला काटा नाही, फिरवायला चावी नाही. मग हळूहळू होडकं त्याला पाळण्यासारखं हलवायला लागलं. आकाशातला गुलाबी रंग कुठून सुरू होतो ते शोधता शोधता तो बर्फाच्या कारखान्यात जाऊन पोचला. दरवाजाएवढ्या पारदर्शक लाद्या, त्यांच्या आत अडकलेला दिव्याचा उजेड. तरुणपणी एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं एका लादीला कान लावला होता, आणि आत बारीक टिकटिक ऐकू आली होती, जणू बर्फ स्वतःशीच काही मोजत होता. ही गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय. तेवढ्यात बायकोही अगदी हेच म्हणाली होती हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो एकटाच हसला.

मग ते रोजचंच झालं. कधी वारा तिकडून वाहू लागला की सुराचा एखादा धागा पाण्यावरून येई. थंडोबा लगेच उठून वल्हं पाण्यात बदाबदा आपटायचा. एकदा आपटता आपटता टोपी पडली. ती तरंगत गेली, आणि ती काढायच्या नादात तो अर्धा भिजून परत आला. बायकोनं नवा टॉवेल पुढे केला.

"काय झालं?"

"वारा होता," तो म्हणाला.

"मला ऐकू येत होतं तुमचं आपटणं." तिनं त्याचे केस स्वतःच पुसले. "बरं वाटलं."

वारं फिरायचे दिवस आले. एके दिवशी सकाळपासून खाडीत पांढऱ्या लाटा उठल्या, नांगराची साखळी ताणली गेली, होडकं पाण्यात सोडायची सोयच राहिली नाही. ढगांमुळे पॅनेलांना ऊन नव्हतं, पण आदल्या दिवसाचा साठा भरपूर होता. मधाच्या रंगाच्या केबिनमध्ये दिवा शांत जळत होता. संध्याकाळ झाली तशी दोघंही जरा चुळबुळली. ती मटार सोलायला बसली. तो उगाच मीटर बघून आला, परत बघून आला.

शेवटी तो बाकावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी झोपतोय," त्यानं जाहीर केलं. "गाढ."

"बरं," ती म्हणाली.

काही वेळ शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला आणि वरून वाऱ्याचा. मग, अगदी खालच्या पट्टीत, दाणे टोपल्यात पडताना आवाज होतो तेवढाच, सूर निघाला. थंडोबा हलला नाही. ऐकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि ते पाळायला त्याला कष्टही पडले नाहीत. कारण बोट डोलत होती, कुशीला बाकाची ऊब होती, आणि ती नक्की कशावर गात होती, मटारवर, वाऱ्यावर की त्याच्यावरच, हे कळायच्या आत तो खरंच झोपून गेला.

जेवायला उठवलं तेव्हा त्यानं विचारलंही नाही. तिनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मीठ कमी झालंय का बघा."