डावीकडचा कंगवा

अण्णांना जाऊन परवा सहा आठवडे झाले. ते माझे थोरले बंधू, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. भेटायला येणारे अजून म्हणतात, "तुम्ही सगळं किती व्यवस्थित केलंत." म्हणून हे लिहितो आहे.

डाव्या फुप्फुसाच्या टोकाची कॅन्सरची गाठ मणक्यात शिरली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई आल्या तेव्हा खोलीत अण्णा, वहिनी आणि मी होतो. बाईंनी समजावलं: आधी पालथं झोपवायचं, छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मोकळं, हात डोक्याच्या बाजूने वर, मग पाठीतून मणक्याचं काम. नंतर उजव्या कुशीवर वळवून बरगड्यांमधून फुप्फुसाचं. सगळे मिळून दहा-अकरा तास. मी फाईल उघडून बसलो होतो. वजन एकसष्ट किलो, उंची पाच फूट सात, गोळ्या वेळांसकट. प्रश्न अण्णांना होते, उत्तरं मी देत होतो.

"दोन्ही हात डोक्याच्या वर जातात?"

"हो," मी म्हणालो. "डावा दुखतो, पण तो गाठीमुळे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "फाईलमध्ये असेल तर जात असतील," ते म्हणाले. बाई हसल्या, मीही हसलो आणि पान उलटलं...

अण्णांचा उजवा खांदा बावीस वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडल्यापासून आखडलेला होता. तेव्हा ते हाडवैद्याकडे गेले होते. कागद काही झाला नाही, म्हणून माझ्या फाईलमध्ये तो खांदा नव्हता.

गाठ निघाली. अण्णा चालायलाही लागले. पण उजव्या हाताची बोटं बधिर झाली, ती तशीच राहिली. सर्जन म्हणाले, "इतक्या लांबलेल्या ऑपरेशनात असं होऊ शकतं. खांद्याचं कळलं असतं तर तो हात खाली, अंगालगत ठेवला असता." दोष त्यांनी कुणालाच दिला नाही.

रविवारी आम्ही दोघं कॅरम खेळायचो. राणी घ्यावी तर अण्णांनी. आता ते डाव्या हाताने खेळू लागले आणि हरू लागले. एकदा मी मुद्दाम सोपी सोंगटी सोडली. "घे ती," ते म्हणाले. "इथे तरी खरं खेळ." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी बोर्डावर पावडर पसरत बसलो. पुढे दुखणं उलटलं. ऑपरेशननंतर चौदा महिने मिळाले. त्यातला एकही रविवार मी त्यासाठी वापरला नाही.

काल त्यांच्या घरी हात धुवायला गेलो. आरशाच्या डावीकडे, बराच खाली एक खिळा आहे आणि त्याला कंगवा. सगळं उजव्या हाताने करणारा माणूस बावीस वर्षं डाव्या हाताने भांग पाडत होता, आणि मी ते पाहत होतो.

"काढायचा राहिलाय तो," वहिनी मागून म्हणाल्या.

"राहू दे." मग त्यांना सांगितलं, की हात वर जातात असं त्या दिवशी मीच म्हणालो होतो.

"मीही खोलीत होते की, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि टॉवेल पुढे केला.