दोन हवालदार आणि एक आडवी बोट

ऐंशीच्या दशकात आम्ही लीड्सला राहत होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे आणि नवरा त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. एका उन्हाळ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, चार महिन्यांसाठी साताऱ्याहून आले. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. सासूबाईंना विमानाची धास्ती, म्हणून ते एकटेच आले.

मामंजींचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. स्वेटर, कानटोपी, हात मागे, आणि आमच्या बारा पावलांच्या बॅक गार्डनमध्ये गस्त. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून शेजारच्या जर्मनकाकांनी मला हाक मारली.

"हे कुठल्या पलटणीतले? वळताना टाच आपटतात."

जर्मनकाका दुसऱ्या महायुद्धात कैदी होऊन यॉर्कशरला आले होते. त्यांना इथल्या एका शेतावर कामाला लावलं, तिथे शेतकऱ्याच्या मुलीशी सूत जमलं आणि ते राहिले ते राहिलेच. ती मुलगी म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. चाळीस वर्षांनंतर काका इकडच्या लोकांसारखंच इंग्रजी बोलायचे, जर्मन फक्त शिंकताना व्हायचे.

"पलटण नाही, पोलीस," मी मामंजींचं उत्तर सांगितलं. "हवालदार."

काका ताठ झाले. "मी नेव्ही. ओबरमाट."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, ह्याचा अर्थ विचार. माझ्या वरचा का खालचा?"

एवढ्या एका प्रश्नापायी माझा शनिवार गेला. काकांना चहाला बोलावलं. त्यांनी काऊन्सिलच्या पत्राचं पाकीट उलटं करून त्यावर शिडी काढली. सगळ्यांत खाली खलाशी, त्याच्या वर माट, मग ओबरमाट, मग बोट्समन, आणि पार वर साहेबलोक. मामंजींनी माझ्याकडून पेन घेतलं आणि शेजारी लिहीत गेले : शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, फौजदार. पायरीला पायरी जुळली : माट तो नाईक, ओबरमाट तो हवालदार, बोट्समन तो जमादार. दोघांनी उठून हात मिळवले. मी बिस्किटं आणायला गेले आणि तेवढ्यात बिनसलं. परत आले तर काका बाहीवर बोटाने काहीतरी काढून दाखवत होते.

"मामंजी, ते म्हणतायत, ओबरमाटच्या बाहीवर नांगर असायचा आणि त्याखाली एक फीत."

"नांगर?" मामंजी चकित झाले. "नेव्हीत शेतीपण करायचे?"

"तो नांगर नाही हो, जहाजाचा नांगर!"

"हां. मग सांग त्यांना, माझ्या तीन फिती होत्या."

काका म्हणाले, फिती मोजायच्या नसतात, नांगर बघायचा असतो. मग स्वतःच उसासा टाकून कबूल केलं, की खरं दुःख टोपीचं. बोट्समन झालं की साहेबासारखी पुढे छज्जा असलेली टोपी आणि तलवारीला गोंडा मिळायचा. त्यांच्या वेळच्या ओबरमाटला गोंडा नाही, आणि टोपी साध्या खलाशाची, मागे दोन रिबिनी लोंबणारी. आताच्या जर्मन नेव्हीत म्हणे साध्या माटलाही छज्ज्याची टोपी देतात. हे सांगताना त्यांनी मानेमागे दोन बोटं लोंबवून दाखवली.

"काम काय असायचं ते विचार," मामंजी जरा नरमले.

"साहेब बोलणार, खलाशी करणार. आपण मध्ये उभं राहायचं. वरून शिव्या खायच्या आणि खाली वाटायच्या."

"हेच! अगदी हेच!" मामंजींनी टेबलावर थाप मारली. माझा चहा सांडला.

माट म्हणजे मुळात सोबती, एका ताटात जेवणारा, असंही काकांनी सांगितलं. इंग्रजांचा 'मेट' त्याचाच भाऊ. ही माहिती मामंजींना द्यायला नको होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "ऑल राइट, मेट?" मामंजींनी मान डोलावली आणि माझ्या कानात म्हणाले, "नाईक दिसतोय." दूधवाला नाईक, पोस्टमन नाईक. मग मार्केटमधल्या भाजीवालीने त्यांना सुटे देताना "देअर यू आर, लव्ह" म्हटलं. मामंजींनी सुटे दोनदा मोजले. स्टॉपवर आल्यावर हळूच म्हणाले, "सूनबाई, ही लव्ह रँक कुठे बसते?"

दोघांची रोज बैठक बसू लागली. भाषा समान नव्हती, पण सीनियर कोण हा वाद दोघांना उत्तम यायचा. काका म्हणायचे, मला बढती आधी मिळाली. मामंजी म्हणायचे, तुमची ती नेव्ही बंद पडली, माझं खातं अजून चालू आहे. मी दोन्हीकडचं भाषांतर करायचे, आणि लॅबमध्ये जाऊन शांतपणे रक्त बघायचे.

शेवटी काकूंनीच एका रविवारी कालव्यावर दिवसभरासाठी बोट भाड्याने घेतली. लांब, अरुंद, मागे उभं राहून दांड्याने वळवायची. नवऱ्याला ड्यूटी होती. म्हणजे बोटीवर दोन हवालदार, काकू आणि मी. खलाशी कोण, हे सांगायला नकोच.

काका मागे दांड्यापाशी, मामंजी पुढे टोकावर. तासभर बरं चाललं. मग समोरून एक बोट आली.

"डावीकडे!" मामंजी मराठीत ओरडले आणि समोरच्या बोटीला उजवा हात आडवा केला. ट्रॅफिकच्या हवालदाराचा तो हात : 'तुम्ही थांबा.' काकांना वाटलं, उजवीकडे वळा. त्यांनी दांडा पोटाशी ओढला आणि गडबडीत मला चक्क जर्मनमध्ये हुकूम सोडला.

"काय म्हणाले?" मामंजी ओरडले.

"मला जर्मन येत नाही!"

"मग तू इतके दिवस भाषांतर कसलं करत होतीस?"

एवढ्यात बोट फिरली ती फिरलीच. तोंड एका काठाच्या चिखलात रुतलं, शेपूट दुसऱ्या काठाच्या झुडपात. कालवा बंद. काठावर मासे धरत बसलेल्या एका गृहस्थाची सँडविचं आमच्या टोकाने अलगद पाण्यात ढकलली आणि बदकांनी ती कागदासकट पळवली. समोरची बोट थांबली, तिच्यामागे दुसरी. काका जर्मनमध्ये, मामंजी साताऱ्याच्या भाषेत, आणि दोघंही माझ्यावर ओरडत होते. हुकूम सोडणारे दोन आणि पाळणारी एक, तीही साडी खोचून हातात बोट रेटायचा बांबू धरलेली.

मामंजी टोकावर उभे राहून थांबलेल्या बोटींना शिस्तीत हात दाखवू लागले. लोक खरंच थांबून राहिले. त्यांना दुसरा इलाजही नव्हता.

आतून काकू बाहेर आल्या. एका हातात चहाचा मग. त्यांनी नवऱ्याला कोपराने बाजूला केलं, इंजिन उलटं टाकलं, मला म्हणाल्या, "बांबू काठाला टेकव आणि ढकल, लव्ह," आणि दोन मिनिटांत बोट सरळ केली. मग हाताची छडी करून दोघांना आत जायची खूण केली. आत दुपारच्या जेवणासाठी बटाट्यांची पिशवी होती.

दोघं समोरासमोर बसून बटाटे सोलू लागले. मग काकांनी मामंजींची जाड सालं बघून नाक मुरडलं. मामंजींनी काकांच्या बटाट्यातला एक उरलेला डोळा सुरीच्या टोकाने दाखवला. काकांनी तो काढला आणि बटाटा पुन्हा तपासणीला पुढे केला.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "माणूस चांगला आहे. जमादार व्हायला हवा होता."

मी ते काकांना सांगितलं. त्यांनी पिशवीतला सगळ्यांत मोठा बटाटा निवडून मामंजींच्या पुढ्यात ठेवला.

आठवड्याने सासूबाईंना पत्र गेलं, ते मीच पोस्टात टाकलं. मामंजींनी लिहिलं होतं : 'येथील कालव्यावर अचानक बंदोबस्ताची वेळ आली. परदेशी सहकाऱ्यासह पार पाडला. जीवितहानी नाही.'