हरेशच्या गावी, दांडीला

मनोरला महामार्ग सोडून पालघरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा गाडीत मी एकटाच मोठ्यानं बोलत होतो. इचलकरंजीहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. एकच प्रश्न मी नाना तऱ्हांनी विचारून बघत होतो. कधी दरडावून, कधी हसत, कधी सहज आठवल्यासारखा. ज्याला विचारायचा तो हरेश गेल्या पावसाळ्यात हृदयविकारानं गेला. मला ते काही महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आता प्रश्न त्याच्या आईला विचारायचा होता, आणि तिनं खरं उत्तर दिलं तर काय, याचीच भीती होती.

हरेश आणि मी लष्करी प्रबोधिनीत एका खोलीत राहायचो. तो मासेमारी करणाऱ्या घरातला, मी यंत्रमाग कामगाराचा मुलगा. इंग्रजी दोघांचंही कच्चं, त्यामुळे लवकर जमलं. तो माझे बूट चकाकवून द्यायचा, मी मेसमध्ये वाद घालून दोघांसाठी जादा अंडी मिळवायचो. दुसऱ्या वर्षी कवायतीत माझा गुडघा गेला आणि मला घरी पाठवायचं ठरलं. ट्रंक हरेशनंच भरली. मी म्हणालो, "गेटपर्यंत पोचवायला ये."

"नाय," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी कुबड्या घेऊन एकटाच गेलो. गेटवरून वळून पाहिलं तर आमच्या खोलीची खिडकीही बंद.

पुढे तो अधिकारी झाला. मी जुन्या यंत्रांच्या धंद्यात पडलो आणि कुणाच्या शिफारशीशिवाय उभा राहिलो. लंगड्याबरोबर चारचौघांत चालायची त्याला लाज वाटली, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यानं पत्र लिहिलं नाही, मीही नाही. मी का लिहावं?

मासवणला सूर्या नदीचा पूल ओलांडला. भातकापणी झालेली, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या, मागे तपकिरी पडत चाललेले डोंगर. बघण्यासारखं होतं, पण माझं लक्ष किलोमीटरच्या दगडांवर. पालघरला स्टेशनजवळ चहा घेतला. इथून परत फिरता येईल, असं तिथं दोनदा मनात आलं.

घरी मी सांगून आलो होतो की बोईसरला एक जुना बॉयलर बघायचा आहे. बॉयलर खरंच होता. औद्योगिक वसाहतीत शिरताच रसायनांचा आंबूस वास नाकात बसला. मालकानं भाव सांगितला आणि मी "बरं" म्हणालो. असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही. मालकच गडबडला. "साहेब, तुम्ही बॉयलर आतून बघितला नाही," तो म्हणाला. मी म्हणालो, "नंतर बघतो," आणि निघालो.

सालवडला टायर बसला. कामगारांच्या खोल्यांच्या रांगेसमोर पंक्चरवाल्यानं चाक फिरवून पाहिलं. "साहब, पंक्चर नहीं, टायर ही गया."

"तुला काय, नवीन विकायचाय!" मी ओरडलो.

"मैं तो टायर बेचता ही नहीं," तो शांतपणे म्हणाला. शेजारी दाढी करत बसलेले दोघे हसले. राग गिळून त्यालाच बोईसरहून टायर आणून बसवायला सांगितलं, गाडी तिथंच सोडली आणि रिक्षा केली.

दांडी जवळ आली ते डोळ्यांआधी नाकाला कळलं. किनाऱ्यावर वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे आडवे दांडे) ओळीनं उभ्या होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती दांड्यावर टाकतात. वाऱ्यानं त्या जोड्या हलत होत्या. दूर वीजकेंद्राच्या इमारती, अलीकडे ओहोटीला चिखलात कललेल्या बोटी.

घर कोणतं, एवढंच विचारायचं होतं, पण जीभ रेटेना. समोर एक पन्नाशीची बाई सुके बोंबील गोळा करत होती. मी भाव विचारला. भाव करताना माझी भीती जाते.

तिनं सांगितला. मी निम्म्याहून खाली मागितला.

"ओ शेट, मासं मागताय का वास?"

"माल ओला आहे. वजन पाण्याचं देताय."

"ओला? तुमचं बोट वलं हाय!" तिनं एक बोंबील माझ्यासमोर कडकन मोडला. "घाटावरचं दिसताव. तिकडं बोंबलाला झाडावरून पाडतात का काय?"

माझा पारा चढला. "मी फसायला नाही आलो! हरेशच्या घरी आलोय, हरेश, तो लष्करात होता तो!"

ती थांबली. हात पदराला पुसले. "तुमी माने?"

मी मान हलवली.

"मी प्रमिला. त्याची बहीण." मग तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाव करता तवाच समजाया पायजे होतं. अंड्यांसाठी पन असाच भांडाचास ना तू? हरेश सांगाचा."

घर मागच्याच गल्लीत होतं. आई ओटीवर जाळ्याचा एक तुकडा मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून प्रमिलानं तिच्या कानाशी माझं नाव सांगितलं. म्हातारीनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण समोर आलं. इतक्या वेळा घोकलेला प्रश्न शेवटी कसाही बाहेर पडला.

"आई, मी निघालो तेव्हा त्याला म्हटलं होतं, पोचवायला ये. तो आला नाही. का?"

"काय म्हनालास त्याला?"

"पोचवायला ये."

म्हातारीनं माझा हात झटकला. "असं बोलतात का रं?"

मला काही कळेना. प्रमिला म्हणाली, "आमचा बाप दर्यावर जायाचा. आमच्या घरात बोट सुटताना कोनी किनाऱ्यावर जात नाय. दार लावून घेतात, खिडकी लावतात. पोचवाचं ते मेल्याला. जित्याला आमच्या घरात कोनी पोचवत नाय."

आमच्याकडे पाहुण्याला एस.टी.त बसवून देणं म्हणजे पोचवणं. मी तेवढंच मागितलं होतं.

"सुट्टीला आला तवा रडला," आई म्हणाली. "म्हने, आय, माने मला म्हनाला पोचव. म्या नाय गेलो. पाय बरा झाला का येल तो. दरसाल म्हनाचा, रागीट हाय, पन येल."

"मग त्यानं मला सांगायचं ना!" माझा आवाज चढला, थेट त्या म्हातारीवर. "मला काय स्वप्न पडणार होतं?"

ती घाबरली नाही. "आता मला ओरडून काय? त्याला ओरड." आणि मग हळूच, "त्याला पोचवाया गाव लोटला होता. तू नव्हतास. बरं झालं, तू तरी त्याला पोचवलं नायस."

ऊन उतरल्यावर निघालो. प्रमिलानं बोंबलांची पिशवी बांधली आणि रिक्षापर्यंत येऊ लागली. आतून आईचा आवाज आला, "पमे! थांब तिथंच!" प्रमिला उंबऱ्यात थबकली. पिशवी तिथूनच माझ्या हातात दिली, "पैशाचं नाव काढू नको," म्हणाली आणि दार लावलं. मग खिडकीही लागली. मी पिशवी घेऊन एकटाच रिक्षाकडे निघालो.

टायर बदलून झाला होता. पंक्चरवाल्याशी मी घासाघीस केली नाही. त्यालाही ते विचित्र वाटलं असावं. बेटेगाव, चिल्हार, मग महामार्ग. मग घाट लागला. इतकी वर्षं मी हरेशशी भांडत आलो होतो. दुकानात, रस्त्यात, अंघोळ करताना. तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, सगळं तयार असायचं. आता मी सवयीनं तोंड उघडलं आणि त्याला म्हणायला एक वाक्य सापडेना. तो गेला, हे मला तेव्हा कळलं.