मीसूची कावीळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. बघा, आत्ताच हसलात! जाऊ दे. नाहीतरी माझ्या अब्रूचं आता उरलंय काय?

तर मी साताऱ्याची, नोकरीसाठी चेन्नईत. तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत पद्मामामींच्या घरी वरच्या खोलीत राहते. मामी मूळच्या तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी माझ्या पणजीच्याही आधीचं, त्यावर तमिळची फोडणी. घरात त्या आणि त्यांचा मीसू. तमिळमध्ये मीसै म्हणजे मिशी, म्हणून मीसू. मिनिएचर श्नाउझर जातीचा कुत्रा. बुटका, करडा, पांढरीशुभ्र दाढी, वर झुपकेदार पांढऱ्या भुवया. माझ्याकडे असा बघतो की वाटतं, आत्ता हा निकाल वाचून दाखवणार आणि मला शिक्षा होणार.

तंजावरला मामींच्या भाचीचं लग्न निघालं. आणि मीसूला सांभाळायला त्यांना अख्ख्या चेन्नईत कोण सापडावं? मी! पाल दिसली तर खुर्चीवर चढणारी मी!

"जेवला की दाढी धू, पुसून कोरडी कर, नाहीतर वास मारते," मामी पिशवी भरता भरता सांगत होत्या. "रोज विंचर गे, गाठी होतात. दात घास. आणि तूप, तळलेलं कांहीं देऊं नको! ह्या जातीला सोसत नाही. तुळशीला पाणी घाल, शुक्रवारी उंबऱ्याची पूजा कर. येवढंच."

येवढंच! अहो, मला स्वतःचे केस विंचरायला सवड होत नाही!

पण केलं हो सगळं. दाढी धुतली, विंचरली, दात घासताना माझीच दोन बोटं चावून घेतली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पूजासुद्धा केली. फक्त त्याच दिवशी सकाळी नाश्त्याला माझ्या हातून मेदूवड्याचा तुकडा खाली पडला, आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत मीसूनं तो गिळला. वर मिशा चाटल्या.

झालं. दिवसभर माझं ऑफिसात लक्ष नाही. मोबाइलवर वाचत बसले: श्नाउझर आणि तेलकट खाणं. स्वादुपिंडाला सूज. पित्ताशयाचा त्रास. कावीळ! आता तुम्हीच सांगा, हे वाचून कुणाला घास उतरेल? मला नाही उतरला. मीसूला मात्र उतरला. त्यानं रात्री वाटी चाटूनपुसून साफ केली.

शनिवारी सकाळी जिना उतरून खाली आले, आणि शेवटच्या पायरीवरच बसले.

मीसू पिवळा! दाढी पिवळी, पुढचे पाय पिवळे, पोटाखालचे केस पिवळे. उंबऱ्याला टेकून पडला होता. मला बघून त्यानं शेपूट हलवलं. मला वाटलं, निरोप घेतोय.

त्याला उचलायला हात पुढे केले, तर काय? माझेसुद्धा तळवे पिवळे! नखं पिवळी! म्हणजे मलाही लागण झाली!

तश्शीच मामींना फोन लावला. काय बोलले ते धड आठवत नाही. "मामी, मीसूला कावीळ... मी वडा... मलाही झाली... आईला सांगू नका..." असं काहीतरी. पलीकडून सनईचा आवाज आणि "अय्यो! अय्यो!" एवढंच ऐकू आलं, आणि फोन बंद.

मीसूला चादरीत गुंडाळून रस्त्यावर धावले. ऑटोवाल्यानं चादरीतून डोकावणारी दाढी बघितली.

"आडा, मा?"

आडु म्हणजे बकरं! मी किंचाळले, "नाही, नाही!"

"ओ, नाय," म्हणत त्यानं शांतपणे ऑटो सुरू केली. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य कुणाला तरी पटलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मीसूच्या हिरड्या बघितल्या. डोळे बघितले. पोट दाबलं. मी भिंतीला टेकून रडत होते.

"वांती?"

"नाही."

"जेवला?"

"सगळं."

"हिरड्या गुलाबी, डोळ्यांतलं पांढरं अगदी पांढरं. याला काय होतंय?"

"कावीळ! मी वडा दिला, डॉक्टर! मला तुरुंगात टाका! आणि हे बघा," मी तळवे पुढे केले, "मलाही झालीय!"

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मीसूच्या दाढीकडे बघितलं. ओला कापूस दाढीवरून फिरवला आणि हुंगला.

"अम्मा, ही हळद आहे."

हळद?

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शुक्रवारची पूजा! इथे उंबऱ्याला हळदीचं बोट लावतात, वर कुंकू. एक बोट! पण मला वाटलं, मामींच्या देवाला कंजुषी नको. म्हणून वाटीभर हळद कालवून दोन्ही हातांनी अख्खा दगडी उंबरा सारवला होता. आणि उकाड्यानं हैराण झालेला मीसू रात्रभर त्या गार, ओल्या दगडावर हनुवटी टेकून झोपला होता.

"एवढ्याशा वड्यानं बिघडलेलं नाही, पण पुन्हा नको," डॉक्टर म्हणाल्या. "घरी नेऊन साबणानं धुवा." मग अगदी मायेनं, "तुम्हीसुद्धा."

बाहेर येऊन मामींना फोन लावला. बंद. दुपारी बंद. फोनच्या नादात धुणं राहूनच गेलं. तंजावरहून बस पकडली तर त्या वाटेत असणार, आणि तिकडे लग्नघर!

संध्याकाळी दार वाजलं. दारात मामी. कांजीवरम चुरगळलेलं, अंबाड्यातला मोगरा सुकलेला, डोळे रडून सुजलेले. मीसू पिवळ्याधमक दाढीनं त्यांच्या अंगावर उड्या मारत होता. मी हुंदके देत देत सगळं सांगितलं. मामींनी माझे तळवे बघितले. उंबऱ्याकडे बघितलं, मीसूकडे बघितलं.

"तिकडे भाचीची हळद टाकून आले मी गे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि इकडे ह्याला लागली!"

जमीन दुभंगावी आणि मी तिच्या पोटात जावं, असं वाटलं. पण चेन्नईची जमीन तरी माझं का ऐकेल?

उद्याचा मुहूर्त गाठायला रात्रीची बस आहे, म्हणाल्या. पदर खोचला, गरम पाण्याची बादली आणली, साबण काढला. आंघोळीची सवय असलेला मीसू आपणहून मोरीत जाऊन उभा राहिला.

"तू थांब रे," मामी त्याला म्हणाल्या. "आधी ही."