पाटावरचा व्हर्निअर

खंडेनवमीला आमच्या घरी विळी-कोयत्याशेजारी बाबांचा व्हर्निअर पाटावर बसतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तोफगोळ्यांची मापं तपासली, ती याच व्हर्निअरनं. त्या पगारावर मी शिकलो. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि हे छाती पुढे काढूनच सांगतो.

दरवर्षी बाबा झेंडू वाहून डोळे मिटतात आणि आई विचारते, "काय मागितलंत?"

"आम्ही केलेला एकही गोळा फुटू नये."

"मग केलेत कशाला, लोणचं घालायला?"

"अगं, कोठारात आहेत म्हणून तर फोडायची वेळ येत नाही."

हे ऐकतच मी मोठा झालो. कॉलेजच्या वादविवादात कधी शस्त्रांच्या बाजूनं बोललो. कधी उलट बाजूनं, हाच पैसा शाळा-दवाखान्यांना का नाही, असंही विचारलं. टाळ्या दोन्हीकडून घेतल्या. घंटा वाजली की वाद संपायचा.

यंदा धाकटा भाऊ सरहद्दीवर तोफखान्यात आहे आणि तिकडे गोळाबार सुरू झालाय. बाबांनी झेंडू उचलला. गोळा फुटला नाही तर आपला पोरगा जायचा, फुटला तर पलीकडे कुणाचा तरी. मागायचं काय? फूल हातातच राहिलं.

आईनं यंदा काही विचारलं नाही. तिनं ते फूल घेऊन व्हर्निअरवर ठेवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिकडच्या आयाही मागतच असतील. देवानं ऐकायचं तरी कुणाचं?"