मागची सीट

“अण्णा, मागची सीट कामून ठेवायलास? कॅफे रेसर म्हंजे रेसची गाडी, एकट्याचीच असती,” मैलूरच्या गॅरेजातला मिस्त्री माझ्या धाकट्या भावाला म्हणाला आणि त्यानं आमच्या अप्पांच्या जुन्या मोटरसायकलच्या मागच्या भागावर ग्राइंडर लावला. त्याच सीटवर, भावाच्या मागं बसून आई रोज शाळेत शिकवायला जायची. गाडी रंगवायला दिलीय, एवढंच तिला ठाऊक होतं. ठिणग्या उडत होत्या, साडी गार्ड आधीच भंगारात पडलं होतं, आणि मी आईनं दिलेली पिशवी घेऊन बाजूला उभी होते. “अक्का, तू इंग्लिश शाळेत शिकलेली. सांग की, भारी दिसायलीय का न्हाई?” भावानं विचारलं तेव्हा कापलेला तुकडा खाली पडला होता. जळक्या लोखंडाचा वास आला की मला अजून आठवतं, त्यावर मी एवढंच म्हणाले, “आईनं नवं सीट कव्हर पाठवलंय.”